इतर व्यक्ती

वाटी फरशीवर पडली आणि पडल्या जागीच गोल गोल फिरत राहिली. दुपारच्या त्या निवांत घरात तेवढाच एक आवाज. जुईनं झोपेत पायानं उडवली होती ती. गूळपोळी खाऊन वाटी तशीच उशाशी ठेवायची तिची सवय. सुचितानं माउसवरचं बोट हलू दिलं नाही. वाटी थांबली, पोरगी कूस बदलून पुन्हा गाढ झाली, तेव्हा तिनं बटण दाबलं.

पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. एक्सेलच्या फायलीतल्या ओळी एकेक करून उचलल्या जात होत्या आणि टिकेट होऊन, म्हणजे कोणी काय करायचं त्याची एकेक चिठ्ठी होऊन, पलीकडे उतरत होत्या. गेले कित्येक दिवस जुईच्या दुपारच्या झोपेत, बालवाडीच्या वेळात, भाजी शिजेपर्यंतच्या अवकाशात तिनं त्या ओळी निवडून, झाडून, नीट लावून ठेवल्या होत्या. तिची कंपनी पुण्यात. दवाखान्यांसाठी बिलांचं आणि पेशंटांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर बनवायची. एका मोठ्या दवाखान्यानं अट घातली होती, की आमच्या पेशंटांची माहिती तुमच्याकडे सुरक्षित राहील याचं प्रमाणपत्र आणा, मग बोलू. प्रमाणपत्रासाठी ऑडिट, आणि ऑडिटसाठी सुरक्षेचे नियम. कंपनीत त्यांना कंट्रोल म्हणत. कुठली किल्ली कोणाकडे, नोकरी सोडून गेलेल्याचा पासवर्ड कोण बंद करणार, किती दिवसांनी कोण काय तपासणार, आणि तपासलं याचा पुरावा काय.

हे सगळं वर्षभर एक्सेलमध्ये झोपून होतं. मीटिंगमध्ये सुचिताच बोलली होती, "सर, हे रोजच्या टिकेटांत आणू या ना. प्रत्येक नियम कोणाच्या तरी समोर जाऊन उभा राहिला पाहिजे, त्यानं झालं का म्हणून विचारलं पाहिजे." सतीश सर तिचे मॅनेजर. त्यांनी ते काम तिलाच देऊन टाकलं.

पट्टी संपली. सुचितानं यादी उघडली आणि तिला हसू फुटलं. वरपासून खालपर्यंत प्रत्येक टिकेटावर जबाबदार व्यक्ती म्हणून एकच नाव होतं. सुचिता उगले. सर्व्हरच्या खोलीची किल्ली सुचिता उगले. आग विझवायचे सिलिंडर सुचिता उगले. पुण्याच्या ऑफिसचा रात्रीचा चौकीदार तोही सुचिता उगलेच्याच ताब्यात.

"काय झालं वं हासाले?" ओसरीतून गिरजाबाईनं विचारलं. सासूबाई मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसल्या होत्या. सुतळीचं एक टोक दातात होतं.

"अख्ख्या कंपनीची राखण माह्या नावावर चढली, आत्याबाई."

"मंग पगारबी तेवढाच चढवा म्हना."

चूक कुठं झाली ते तिला लगेच कळलं. फायलीत माणसांची नावं होती, सॉफ्टवेअरला हवे होते त्यांचे ईमेल. नावाचा माणूस सापडला नाही की ते सरळ माल आणणाऱ्याच्याच गळ्यात घालायचं. तिनं सगळी टिकेटं पुसली, नावांच्या जागी ईमेल भरले. या खेपेला आधी मूठभरच ओळी घातल्या. नवं बी आणलं की तिचे सासरे पुंजाजी एकाच वाफ्यात टाकून पाहत, तसं. वाफा बरोबर उगवला. मग तिनं उरलेलं सगळं एकदम सोडलं, आणि प्रत्येक टिकेट आपापल्या धन्याच्या दारात जाऊन पडलं.

तेवढ्यात फळीवरचा फोन वाजला.

दाराजवळ विजेच्या बोर्डाखाली लाकडाची फळी होती. घरातले सगळे फोन तिथंच ओळीनं चार्जिंगला लागलेले असत. गिरजाबाईनं सुतळी सोडली, हात पदराला पुसला आणि वाजत होता तो उचलला. फोन सुचिताच्या नवऱ्याचा, गोपालचा होता, आणि गोपाल वावरात होता.

"बोला उस्मानभाई... नाई, नाई, सांबार त्या भावात नाई जमत... हव का? पानी मारेल माल पाह्यजे असन तं दुसऱ्याकडे पाहा, वजनबी जास्त भेटीन अन् सर्दीबी... हासा, हासा. मेथी देतो. पन जुड्या मोजून घेजा, मंग रडू नोका."

फोन ठेवला आणि त्या पुन्हा जुड्यांकडे वळल्या. सौदा झाला होता.

या घरात फोन ज्याचा त्याचा असा कधी नव्हताच. जो जवळ असेल त्यानं उचलायचा. कारंज्याच्या बाजारातले व्यापारी पहाटे भाव विचारत, तेव्हा पुरुष माणसं मळ्यात वाकलेली असायची. आणि इथं कोणी उचलला नाही तर व्यापारी थांबत नसे, पुढच्या मळ्याला फोन लावी. म्हणून गिरजाबाई. त्यांनी हो म्हटलं की माल गेला. पुंजाजीसुद्धा नंतर त्यात शब्द घालत नसत. सुचिता लग्न होऊन आली तेव्हा चूल-भांडी दाखवायच्या आधी सासूनं तिला फळी दाखवली होती. वाजता फोन बंद पडू देऊ नोको, म्हणाल्या होत्या. जुई तान्ही असताना पुण्याहून आलेले फोनही त्याच घेत. "सुचिता पोरीले पाजून राह्यली, थोड्या टायमानं करजा," असं त्यांनी एकदा कंपनीच्या मोठ्या साहेबांना सांगितलं, आणि ते वाक्य पुण्याच्या ऑफिसात पुढं कितीतरी दिवस लाडानं म्हटलं जायचं.

संध्याकाळी सतीश सरांचा फोन आला. सुचितानं स्वतःच उचलला.

"झकास झालंय. मी पाहिलं सगळं. एकच सांगतो, घरून काम करणाऱ्यांचा जो कंट्रोल आहे, तो मी तुझ्याच नावावर ठेवतोय."

"कुठला, आपलं उपकरण दुसऱ्यानं वापरू नये, तो?"

"तोच. घरून काम करणाऱ्यांत तू सगळ्यात जुनी. ऑडिटर त्यावर खोलात जाणार. आणि खरं सांगू का, तो नीट गेला नाही तर वरचे लोक सरळ म्हणतील, सगळ्यांना ऑफिसला बोलवून घ्या. काही जण वाटच पाहतायत."

"नीट जाईल, सर."

ती हे अगदी सहज म्हणाली. पुणं रात्रभराच्या बसवर होतं. मळा, गोपाल, जुईची बालवाडी सगळं कारंज्यात. पुण्याला बोलावणं याचा अर्थ नोकरी सोडणं, हे सरांना माहीत होतं आणि तिलाही. पण तिला भीती वाटली नाही. तो नियम तिनं स्वतःच्या हातानं झाडून-पुसून टिकेटात बसवला होता.

गुरुवारी ती जुईला बालवाडीतून आणायला गेली, तेव्हा तिचा फोन फळीवर चार्जिंगला होता.

परत आली तर गिरजाबाई दारातच उभ्या. चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचं समाधान.

"तुया हापिसचा फोन आल्ता."

"कोणाचा?"

"थो कंपूटरवाला. लय गोड बोलत व्हता पोट्टा. मॅडमचं खातं बंद पडून राह्यलं म्हने, आता एक नंबर येईन, तेवढा वाचून दाखवा. म्या म्हटलं, थे पोरीले आनाले गेली, मी वाचतो. सारे आकडे बराबर वाचले. चश्म्याबिगर!"

जुईची पाण्याची बाटली सुचिताच्या खांद्याला लटकत होती. ती तिनं उतरवली नाही.

"खेळण्याच्या डब्याची चाबी कुठी हाय आई, मले घर घर खेलाचं हाय," जुई म्हणाली.

"थांब बेटा. आत्याबाई, हिले जरा घ्या."

आत जाऊन तिनं लॅपटॉप उघडला. आधी जिथं जिथं खातं उघडं असेल तिथून स्वतःला बाहेर काढलं, मग पासवर्ड बदलला, मग फोनचा क्रमांक खात्यावरून तात्पुरता सोडवला. हात कुठं अडखळले नाहीत. बाटली तेवढी टेबलाच्या कडेवर आपटत राहिली. सगळं झाल्यावर तिनं सतीश सरांना फोन लावला आणि घडलं ते घडलं तसं सांगितलं.

सर काही वेळ कोणाशी तरी बोलून आले.

"घाबरू नकोस. ते आपलेच होते."

"आपले म्हणजे?"

"ऑडिटच्या आधी लोकांना तपासायला बाहेरची एक संस्था लावलीय. कोणाकोणाला फोन जाणार ते मलाही माहीत नव्हतं. तुझ्याशिवाय आणखी काही जण फसलेत. पण स्वतःहून कळवणारी तू एकटीच, आणि तेही लगेच. हे चांगलंच दिसेल." मग आवाज थोडा खाली आला. "टिकेट करशील ना, त्यात एवढंच लिही, आकडे मी सांगितले. एक ट्रेनिंग करावं लागेल. संपलं."

"पण मी नाही सांगितले, सर."

"माहीत आहे गं मला. आजींनी उचलला. पण तसं लिहिलंस तर ते थेट तुझ्याच त्या कंट्रोलवर जाऊन बसेल. ऑडिट सोमवारी आहे. विचार कर."

तिनं फोन ठेवला. दाराच्या चौकटीला टेकून गिरजाबाई उभ्या होत्या. जुई त्यांच्या कडेवर.

"काय म्हंते थो साहेब? मी चुकली का?"

"तुमी नाई चुकल्या, आत्याबाई. थो फसवालेच बसेल होता. कंपनीनंच लावला व्हता, परीक्षा घ्याले."

"माही परीक्षा?"

"माही."

"म्हंजे तुया पेपर म्याच लिहून आली म्हन," गिरजाबाई म्हणाल्या. दोघी हसल्या. हसून झाल्यावर गिरजाबाईनं सुचिताच्या खांद्यावरची बाटली अलगद काढून घेतली.

संध्याकाळी गोपाल रिकामे क्रेट उतरवत होता, तेव्हा तिनं त्याला सांगितलं. त्यानं शेवटचा क्रेट भिंतीशी लावला, कमरेला हात देऊन उभा राहिला.

"मंग लिहून टाक ना, माह्याकडून झालं म्हून. सायेबच सांगून राह्यला. मायले त्यात कायले घेतं?"

"मी सांगतले असं लिहिलं तं मलेच एक व्हिडिओ दाखवतीन अन् सोडून देतीन. फोन तसाच फळीवर राहीन. उद्या खराखुरा चोर फोन करीन तं?"

"इथं कोन येऊन राह्यलं चोर?"

"इथं नाई. तिकडच्या दवाखान्यात कोणाले काय बिमारी हाय, ते सारं त्या आकड्यांच्या मांगं हाय. तुमच्या बहिणीची फाइल असती तं?"

गोपालनं भिंतीशी लावलेला क्रेट उगाच सरळ केला. मग म्हणाला, "अन् तुले पुन्याले बलावलं तं?"

"नाई बलावत. मी लिहिते ना बराबर."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मळ्यातल्या मोटारीचा फ्यूज ती स्वतः बदलायची तेव्हाही असाच पाहायचा. "लिही मंग," म्हणाला, आणि हात धुवायला हौदाकडे गेला.

तिनं टिकेट लिहिलं. 'काय घडलं' या रकान्यात तिनं एकही गोलमोल शब्द येऊ दिला नाही. कर्मचारी घरी नव्हती. फोन घरातल्या सामायिक जागी होता. आलेला फोन उचलून आकडे सांगितले गेले. कर्मचारी परतल्यावर अमुक अमुक केलं. कारण म्हणून तिनं लिहिलं, की या घरात फोन सामायिक वापरण्याची रीत आहे, आणि नियम लिहिताना ती लक्षात घेतली गेली नव्हती. उपाय म्हणून लिहिलं, की ऑफिसचा क्रमांक वेगळ्या फोनमध्ये जाईल, तो फोन कामाच्या खोलीत राहील, तो दुसरं कोणी उचलणार नाही.

खाली एक रकाना होता, 'कोणाकडून'. त्यात निवडायला चारच गोष्टी होत्या. कर्मचारी, कंत्राटी कर्मचारी, पुरवठादार, इतर व्यक्ती. ही निवडही तिनंच त्या दुपारी एक्सेलमधून इथं आणली होती.

गिरजाबाई चहा घेऊन आल्या. कप ठेवून तिथंच थांबल्या.

"काय लिहिलं?"

"जे झालं थे."

"माह्यं नाव?"

"नाव नाई लिहीत. फक्त..." तिनं पडद्याकडे पाहिलं. "इतर व्यक्ती, असं लिहितेत."

"इतर," गिरजाबाई म्हणाल्या. त्यांनी पडद्यावरच्या त्या ओळीकडे जरा वेळ पाहिलं. "हव. बराबर हाय." सकाळचा कप टेबलावर तसाच होता, तो उचलून त्या गेल्या.

जेवताना तिनं सगळ्यांना सांगितलं. जुना एक फोन होता, त्यात ऑफिसचं सिमकार्ड घातलं, तो आता आत टेबलावर राहील.

"म्हंजे ज्याचा फोन त्यानं उचलाचा," पुंजाजी घास मोडत म्हणाले.

"माह्या ऑफिसच्या फोनपुरतंच, मामाजी. बाकीचे आहेत तसेच."

गिरजाबाई भाकरी थापत होत्या. परातीत हाताचा ताल तेवढा चालू होता.

सोमवारी ऑडिट झालं. व्हिडिओवर समोर नागपूरच्या नाजिश मॅडम होत्या. चेहरा शांत, डोळे चष्म्याआड बारीक. त्या मधूनच कुठलंही टिकेट काढायला सांगत आणि पुरावा मागत. नोकरी सोडून गेलेल्या अमक्याचा पासवर्ड कधी बंद झाला? सुचिता दाखवी. बॅकअप परत उतरवून पाहिला होता का, कोणी? सुचिता दाखवी. दुसऱ्या खिडकीत सतीश सर नुसते बसून होते. त्यांना तोंड उघडायची गरज पडली नाही. एका टिकेटाचा पुरावा जुना निघाला, तेव्हा मॅडमनी सांगायच्या आत सुचितानंच तो दाखवून दिला आणि नवा कधी येणार तेही सांगितलं. तासाभरात मॅडमचा आवाज बदलला. तपासणारा माणूस जाणकार माणसाशी बोलतो, तसा झाला.

मग घरचा कंट्रोल आला.

"ही घटना तुम्ही स्वतः नोंदवलीत?"

"हो."

"बाकीच्यांनी एका ओळीत लिहिलंय, आकडे मी सांगितले. तुम्ही पानभर लिहिलंय."

"त्यांच्याकडे तसंच झालं असेल, मॅडम. आमच्याकडे असं झालं."

नाजिश मॅडम थोडं हसल्या. "उपाय केलाय असं म्हणता. मला पाहायचाय. फोन टेबलावर ठेवा, लॅपटॉप असाच राहू द्या, आणि तुम्ही घराबाहेर जा. मी त्या नंबरवर फोन करते."

सुचिता अंगणात आली. जुई बालवाडीत होती, पुरुष मळ्यात. ओसरीत गिरजाबाई सुपात तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या, खोलीच्या दारापासून हातभर अंतरावर. सुचिता हौदाजवळ उभी राहिली.

आत फोन वाजला.

सूप थांबलं. गिरजाबाईचा एक गुडघा उचलला गेला, हात चौकटीवर गेला, अंग अर्धं उठलंही. मग त्यांनी समोर पाहिलं. हौदाजवळ सुचिता उभी होती. दोघींची नजर भेटली. फोन वाजतच होता. गिरजाबाईनं चौकटीवरचा हात काढून घेतला, खाली बसल्या, आणि तो हात कुठं ठेवावा ते न सुचल्यासारखा मांडीवर ठेवला. मॅडमनी पुरती घंटी होऊ दिली. ती थांबल्यावर सूप पुन्हा हलू लागलं.

"छान," नाजिश मॅडम पडद्यावर म्हणाल्या. "याहून चांगला पुरावा नको. तुमचं हे टिकेट मी नमुना म्हणून लिहून घेते. घरून काम करणाऱ्या सगळ्यांसाठी असंच करा."

सुचितानं टिकेटावर 'पूर्ण' केलं.

दुपारी सतीश सरांचा फोन आला. ते एरवी इतकं बोलत नसत. प्रमाणपत्र आलंच म्हणून समजायचं, घरून काम करणं चालू राहणार, वरच्या लोकांनी आता तो विषयच बंद केलाय, आणि पुढच्या वर्षीपासून सगळे कंट्रोल सुचिताच सांभाळणार. "तू ऐकलं नाहीस माझं, ते बरं झालं," ते म्हणाले.

गोपालनं गावातून गरम जिलेबी आणली. गिरजाबाईनं पुडा सोडला, पहिलं वेटोळं मोडून सुचिताच्या तोंडात घातलं आणि तिच्या गालावर चिकट बोटांनी थापटी मारली.

"राह्यली न घरी तू. झालं मंग."

त्यांचा आनंद खरा होता. सुचिताला तो जिलेबीपेक्षा गोड लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी जरा जास्तच होती. मळ्यावर धुकं बसलं होतं आणि त्यात पुंजाजी आणि गोपाल मेथी कापत होते, दिसत नव्हते, नुसता खोकला ऐकू येत होता. सुचिता ओसरीत जुईची वेणी घालत होती. ऑफिसला अजून अवकाश होता, डोक्यात काही टिकेट नव्हतं, पोरीचे केस तेल पिऊन मऊ झाले होते. गिरजाबाई फळीखालीच लसूण सोलत बसल्या होत्या.

फळीवर गोपालचा फोन वाजला. भाव विचारायचीच वेळ होती ती.

गिरजाबाईनं पाकळी सोलली, ताटलीत टाकली, दुसरी घेतली.

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजू लागला.

"आत्याबाई, उस्मानभाई असतीन."

"असतीन."

"उचला ना मंग."

"गोपालचा हाय थो. येईन आता, तं पाहीन." आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. भाताला किती पाणी लागतं ते सांगावं, तसं सांगितलं. लसणाची सालं त्यांनी फुंकरीनं दूर सारली.

"मी फक्त माह्याच फोनचं म्हटलं व्हतं, आत्याबाई."

"हव, मले समजलं व्हतं." त्यांनी ताटली जवळ ओढली. "पन कोनता उचलाचा अन् कोनता नाई, हे वाजताना नाई समजत माय मले. त्याच्यापरीस नाईच उचलेल बरा."

सुचिता उठेपर्यंत फोन थांबला. जरा वेळानं धुक्यापलीकडून, शेजारच्या मळ्यातून, कोणीतरी मोठ्यानं 'बोला उस्मानभाई' म्हटल्याचं ऐकू आलं. गिरजाबाईनं त्या दिशेला मानही वळवली नाही.

कंगव्यामुळं जुईला डोकं हलवता येत नव्हतं. ती डोळे वर करून फळीकडे पाहत होती आणि एकेक बोट मुडपत होती.

"हा बाबाचा. थो आबाचा. तुया एक फळीवर, अन् एक अंदर टेबलावर." तिनं मुडपलेली बोटं एकदा पाहिली, आजीकडे पाहिलं, आणि मान मागं टाकून, उलट्या चेहऱ्यानं आईला विचारलं, "आई, मंग आजीचा कोनता?"